दाजी काही बसेनात

माझ्या बहिणीचे यजमान मारोतराव, म्हणजे आमचे दाजी, तसे काही मुके नव्हते. मंगरूळपीरला नाल्याकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. वांग्याला कीड लागली की ते त्या वांग्यालाच शिव्या देत, आणि मिरची कमी तिखट निघाली तर तिचीही आई-बहीण काढत. बाजारात त्यांच्या शेजारी दुकान मांडणारी माणसं दुपारपर्यंत कानाला फडकं बांधून बसत. पण हाच माणूस लेकीच्या सासरच्या उंबऱ्याशी पोचला की असा गप्प होई, की पाहणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याला वाचाच नाही.

"लेकीचा बाप म्हनजे पाव्हना नोहे, इंद्रभान," ते मला सांगत. "त्यानं त्या घरी मीठ कमी हाय म्हनून बी सांगू नये."

इंद्रभान म्हणजे मी. मी दाजींचा मेहुणा आणि रंगूचा मामा. मीठ कमी असेल तर मागून घ्यावं, असं माझं मत होतं. पण माझं मत आमच्या घरात कोणी विचारत नसे, आणि न विचारता दिलं तर बहीण माझ्यासमोरचं ताट उचलून नेई.

रंगू ही दाजींची एकुलती एक पोर. तिला किन्हीराजाच्या शालिग्रामभाऊंच्या घरी दिली होती. घर मोठं, वावरं मोठी, आणि शालिग्रामभाऊंचा अहंकार त्याहून मोठा. लग्नात ते अख्खा दिवस रुसून उभे राहिले होते, कारण त्यांना बसायला दिलेल्या सतरंजीचा कोपरा उंदरानं कुरतडला होता. दाजींनी त्यांचे पाय धरले, नवी सतरंजी आणली आणि वर फेटा बांधला, तेव्हा कुठे ते खाली बसले. रंगूला निरोप देताना दाजींनी तिला जवळ घेऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "माय, तिथं कायी बी झालं तरी तोंडातून ऊ निंगू देऊ नोको." बायका डोळे पुसत म्हणाल्या, बाप असावा तर असा. मीही मान डोलावली. तोंडात बुंदी होती म्हणून बोललो नाही इतकंच.

दोन वर्षांनी रंगूला दिवस गेले. सातवा सरत आला तसं तिला पहिल्या बाळंतपणाला आणायचं ठरलं. तिची सासू मनकर्णाबाई निरोपांवर निरोप धाडत होती की बाळंतपण इथंच करू, आमच्याकडं काय कमी आहे. कमी काहीच नव्हतं, पण रंगूला आई हवी होती आणि आईला रंगू. "तिले घेतल्याबिगर येऊ नका," असं बहिणीनं दाजींना बजावलं आणि सोबतीला मला दिलं. मनकर्णाबाईच्या हातचं जेवण कसं असतं हे मला ठाऊक असल्यामुळे मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

पौष सरत आला होता. रविवारी दिवस मावळायला आमची बैलबंडी किन्हीराजाला पोचली. जावई महिन्याभरापासून कापूस विकायला बाहेरगावी होते. शालिग्रामभाऊ दारातच उभे होते, आणि ओसरीच्या मधोमध एक खुर्ची होती.

ती खुर्ची साधी नव्हती. वाशीमला कोण्या साहेबाची बदली झाली, तेव्हा लिलावात शालिग्रामभाऊंनी ती उचलली होती. तशी खुर्ची पंचक्रोशीत दुसरी नव्हती. मनकर्णाबाईनं तिच्यावर लाल गादी शिवून घातली होती. खुर्ची घरी येऊन आठ दिवस झाले होते, पण तिच्यावर कोणी बसलं नव्हतं.

"पयला मान इवायाचा," शालिग्रामभाऊ व्याह्यांना म्हणाले. "मी पोट्ट्याईले हात बी लावू देल्ला नाई. बसा."

दाजींना इतका मान आयुष्यात कोणी दिला नव्हता. त्यांनी धोतर सावरलं, खुर्चीला नमस्कार केला आणि सगळा भार टाकून बसले. लगेच त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, मानानं यांना भरून आलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ओठ थरथरले. मग ते हळूहळू उठले आणि उभे राहिले.

"कावून उठले?" शालिग्रामभाऊंनी विचारलं.

"बसलो ना," दाजी म्हणाले. "लय झालं."

नंतर मला गुरांच्या कोठ्यामागं नेऊन त्यांनी धोतर वर केलं आणि म्हणाले, "पाह्य रे काय झालं." मी पाहिलं. बैलगाडीच्या हिसक्यांनी खुर्चीचा एक खिळा वर आला असावा आणि गादीखाली दडून बसला असावा. दाजींच्या बुडाला उजवीकडं बारीकसं, पण चांगलं खोल भोक पडलं होतं. रक्तासोबत गंजाचा तांबडा डाग दिसत होता.

"मनकर्णाबाईले सांगतो," मी म्हणालो. "कढत पानी अन् हयद घेऊन येते."

दाजींनी माझा दंडच धरला. "आठ दिवस त्याईनं खुर्ची माह्यासाठी राखून ठेवली. आता काय सांगू, तुमच्या मानानं मले भोक पाडलं? तो मानूस एका सतरंजीसाठी दिवसभर रुसला होता, इंद्रभान. त्याच्या मनात आढी आली तं रंगू इथंच राह्यते. चार दिवस कळ काढू अन् पोरीले घेऊन निंगू. तुले रंगूची शपथ हाय."

चार दिवस यासाठी, की सोमवारी अमावस्या होती, मंगळवारी पाडवा, आणि बुधवारी त्या घरातून सून माहेरी धाडत नसत. निघायचं ते गुरुवारी. मी शपथ घेतली. मग माझ्या चंचीतली तंबाखू चुन्यात मळून त्या भोकावर थापली, कारण आमच्या गावात सगळे तसंच करत. दाजी बैलाच्या शिंगाला धरून उभे होते. बैल ओरडला, दाजी ओरडले नाहीत.

आता बसता येत नाही म्हणजे माणसाला काय काय करता येत नाही, हे मला त्या चार दिवसांत कळलं. पाटावर जेवायला बसता येत नाही. म्हणून रविवारी दाजींचं पोट बिघडलं. सोमवारी त्यांनी अमावस्येचा उपास धरला आणि मंगळवारी देवीचा. भगर आणली तर तीही ते ओसरीच्या खांबाला टेकून उभ्याउभ्या खात, अर्धी ठेवत, आणि उरलेली मी संपवत असे. ओसरीवर चार माणसं गप्पांना बसली की हे मधोमध उभे. झोपायला बाज दिली तर पालथे पडत आणि तोंड उशीत खुपसत. कोणी हाक मारली तर उशीतूनच "हूं" म्हणत.

हे सगळं शालिग्रामभाऊ बघत होते. सोमवारी दुपारी त्यांनी मला गंजीमागं गाठलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"इवाई रुसले," ते म्हणाले.

मी म्हणालो, तसं काही नाही.

"मले नोको सांगू. बसत नाई, जेवत नाई, बोलत नाई, डोये लालबुंद. मी सवता असाच रुसलो होतो लग्नात. सारं तसंच हाय. माह्यापेक्षा चांगलं रुसून राह्यले ते."

आमच्याकडं रुसायचा हक्क मुलाच्या बापाचा. मुलीच्या बापानं रुसणं म्हणजे गाडीनं बैलाला ओढण्यासारखं. असं शालिग्रामभाऊंनी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून ते घाबरले. दोन वर्षं मनात ठेवून या माणसानं सतरंजीचा सूड उगवला, अशी त्यांची पक्की समजूत झाली. आणि रुसलेल्या व्याह्याला काय लागतं, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

सोमवारी संध्याकाळी फेटा आला. दाजींनी हात जोडले आणि नको म्हणाले. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. शालिग्रामभाऊंना वाटलं, फेट्यावर भागत नाही. मंगळवारी सकाळी दुभती गाय दारात आणून उभी केली, मागं तिची कालवड. दाजींनी पुन्हा हात जोडले. अंगात ताप असल्यामुळे हात थरथरत होते, तो थरथराट शालिग्रामभाऊंना संतापाचा वाटला. त्यांनी गाय परत बांधली आणि मनकर्णाबाईला सांगितलं, पुरण घाल.

खरं सांगायचं तर इथं माझीच चूक झाली. दाजींना लागलं आहे हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. पण ते रुसले आहेत असं जोवर या लोकांना वाटत होतं, तोवर पुरणपोळी होती, वाटीभर तूप होतं, आणि दाजी जेवत नसल्यामुळे त्यांच्याही वाटचं माझ्याच पानात पडत होतं. शपथ घातली आहे, आपण काय करणार, असं मी मनाशी म्हणत होतो आणि म्हणता म्हणता आणखी एक पोळी घेत होतो. त्या पोळ्यांची मला आज लाज वाटते. पण पोळ्या चांगल्या होत्या.

कोठ्यामागं आम्ही दिवसातून दोनदा जखम पाहत असू. दाजी माझ्याकडून ती भाजीच्या मापानं ऐकत. सोमवारी बोराएवढी होती. मंगळवारी लिंबाएवढी. बुधवारी सकाळी मी पाहिलं आणि गप्प राहिलो.

"सांग ना," दाजी म्हणाले.

"वांगं."

"भरताचं का भाजीचं?"

मी भाजीचं म्हणालो, ते खोटं होतं. भोवतीची कातडी तांबडी होऊन मांडीपर्यंत उतरली होती आणि हात लावला तर चटका बसत होता. मी म्हणालो, "दाजी, आता सांगू द्या." ते म्हणाले, "आजचा दिवस." त्यांचे दात वाजत होते.

त्या बुधवारी सकाळी शालिग्रामभाऊंनी शेवटचा उपाय म्हणून बापूराव पाटलांना समजूत घालायला बोलावलं. बापूराव म्हणजे गावचे पाटील. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. ओसरीवर ते आले, उभ्या दाजींकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि आता बसून निवाडा करावा म्हणून त्या खुर्चीवर बसले.

पाटलांनी जो आवाज काढला, तो ऐकून नदीवर धुणं धुणाऱ्या बायका घरी पळत आल्या. पाटील उठले तेव्हा लाल गादी त्यांच्यासोबतच उठली. कोणीतरी ती ओढून काढली आणि खाली बोटभर खिळा सगळ्यांना दिसला.

मग जी धावपळ झाली ती मी पाहत राहिलो. मनकर्णाबाईनं कडुनिंबाचा पाला उकळला. शेजारच्या तुळसाबाईनं हळद कुटली. दोघांनी पाटलांना पालथं धरलं, तिसऱ्यानं जखम धुतली, आणि पाटील सारा वेळ खुर्चीच्या, लिलावाच्या आणि शालिग्रामभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्यांना काही लाज नव्हती. गाव त्यांचं, बूड त्यांचं. तासाभरात दमणी जुंपली गेली आणि पाटील मंगरूळच्या दवाखान्याकडं निघालेसुद्धा.

दमणी गेल्यावर शालिग्रामभाऊ खुर्चीकडं पाहत उभे राहिले. मग त्यांनी दाजींकडं पाहिलं. हा माणूस अगदीच मठ्ठ नव्हता.

"इवाई," ते हळूच म्हणाले, "रविवारी तुमी बी बसले होते. तुमाले तं नाई लागला?"

 दाजींनी आता फक्त मान हलवायची होती, एवढंच. कढत पाणी तयार होतं, हळद कुटलेली होती.

"नाई," दाजी म्हणाले. "मले कायले लागन."

"मंग बसत काहून नाई?"

"मयेवाला मानूस हाय मी. उभ्यानंच बरं वाटते."

मला असा राग आला की काय सांगू. मी उठलो आणि तडक घरामागं गेलो. रंगू विहिरीपाशी भांडी घासत होती. मी तिला सगळं सांगितलं. शपथ तिचीच होती, म्हणून तिलाच सांगितली तर मोडत नाही, असा मी हिशेब केला. चार दिवस आधी केला असता तर बरं झालं असतं.

रंगू उठली. उरलेलं निंबाचं पाणी तिनं तपेलीत घेतलं, हळदीची वाटी घेतली आणि पोट सांभाळत माझ्यापुढं कोठ्याकडं चालू लागली. दाजी तोवर तिथं कडब्यावर पालथे पडले होते. बापाकडं पाठ करून रंगू उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, तुमी धुवा, मी फडकं भिजवून देतो." मी धोतर बाजूला केलं. तिनं पाण्यात फडकं बुडवलं आणि डाव्या हातानं वर काढलं. मग त्याचं एक टोक दातांत धरून तिनं त्याच हातानं ते पिळलं.

"दोन्ही हातानं पीय ना," मी चिडून म्हणालो. "पानी गयून राह्यलं."

 तिचा उजवा हात पदराखाली होता. मी पदर ओढला.

दोन बोटांना मिळून एक चिंधी गुंडाळलेली होती, काळी पडलेली. मी ती सोडवायला लागलो तेव्हा रंगूनं डोळे मिटले. आतली दोन्ही बोटं एकमेकांना चिकटून तळव्याकडं वळली होती, आणि त्यांच्या बेचक्यातून पू येत होता.

"कायी नाई, मामा," ती म्हणाली. "संक्रांतीले तियाचे लाडू करताना गुयाचा पाक सांडला."

संक्रांत होऊन बावीस दिवस झाले होते.

"सासूले नाई सांगतलं?"

"इचारलं त्याईनं. म्या म्हनलं नखुरडं झालं. नवा गूय होता, भांडंभर पाक वाया गेला म्हनतीन. अन् म्हनतीन, माहेरी कायी शिकवलं नाई."

कडब्यावर पालथ्या पडलेल्या दाजींनी मान वळवून तो हात पाहिला.  मग उठले. कसे उठले मला माहीत नाही, कारण सकाळपासून त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. धोतर नीट खोचायचीही त्यांनी फिकीर केली नाही. रंगूचा डावा हात धरून ते ओसरीवर गेले, आणि मी वाटीतली हळद सांडत मागं धावलो. ओसरीवर शालिग्रामभाऊ होते, मनकर्णाबाई होती, आणि पाटलांचा तमाशा पाहायला आलेलं अर्धं गाव अजून तिथंच होतं.

"शालिग्रामभाऊ," दाजी म्हणाले, "पोरीचा हात भाजला हाय. सडून राह्यला. मी तिले आता दवाखान्यात नेतो."

शालिग्रामभाऊ गोंधळले. "आज बुधवार हाय, इवाई."

"बुधवार गेला चुलीत," दाजी म्हणाले.

आणि मग धरण फुटलं. दोन वर्षं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. दाजी म्हणाले, "तुमच्या खुर्चीचा खिया रविवारी माह्या बुडात गेला, चार दिवस मी मरून राह्यलो अन् तुमी मले गायी दाखवून राह्यले. तुमच्या कोठ्यात पिसवा हायेत. तुमच्या आमटीत मीठ नसते, लग्नापासून नसते. अन् त्या सतरंजीचं सांगतो. आमच्या घरी मांजर हाय, उंदीर नाई. तो उंदीर तुमच्या वऱ्हाडाच्या गाडीतून आला होता. तरी मी तुमचे पाय धरले."

हे सगळं ते मळ्यात वांग्याशी बोलत त्या आवाजात बोलले. शेवटी दम लागून थांबले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माहं जाऊ द्या. पन माह्या पोरीनं बावीस दिवस ऊ नाई केलं. म्या शिकवलं होतं तिले."

मनकर्णाबाईनं रंगूचा हात पाहिला आणि मटकन खाली बसली. "अवं पोरी, माह्या घरी काय तुपाचं बोट नव्हतं?" ती म्हणाली. "गूय गेला असता उकिरड्यावर. म्या तुले खाल्लं असतं काय?" आणि ती रडायला लागली. शालिग्रामभाऊ आता रुसतील म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. पण ते कोठ्याकडं गेले, त्यांनी स्वतः बैल सोडले आणि बंडी जुंपली. खाली कडबा पसरला, वर लग्नात दाजींनी आणलेली ती नवी सतरंजी टाकली.

बुधवारी, भर दुपारी, त्या घरातून सून माहेरी निघाली. दाजी पालथे, रंगू त्यांच्या उशाशी, मी मागच्या कडेला, आणि बैल हाकायला खुद्द शालिग्रामभाऊ. अर्ध्या वाटेवर बापूराव पाटील परत येताना भेटले. काखेखाली उशी घेऊन ते एका कुशीवर मजेत रेलले होते. "डाक्तरनं धुतलं, सुई देल्ली, दोन दिवसात बसजो म्हने," ते ओरडून म्हणाले. "तुमचं काय?" शालिग्रामभाऊंनी बैल दामटले.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण आणि चिडके होते. आधी कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा दाजींनी रंगूकडं बोट केलं. डॉक्टरांनी तिची बोटं सोडवली, धुतली, औषध लावून वेगवेगळी बांधली. ते काम पाऊण तास चाललं. तेवढ्या वेळात रंगूनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. हात राहील, पू वर चढला नाही, पोटातल्या बाळाला भीती नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"बोटं?" दाजींनी विचारलं. ते दाराला धरून उभे होते.

"ही दोन आता सरळ होणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "भाजल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणली असती तर झाली असती."

दाजी रंगूपाशी गेले. "काहून नाई सांगतलं, माय?" त्यांनी विचारलं. "मंगरूळ काय लांब हाय? म्या रातोरात आलो असतो."

"तुमी खुर्चीचं काहून नाई सांगतलं, बाबा?" रंगू म्हणाली.

ती तोडून बोलली नव्हती. खरंच विचारत होती.  तेवढ्यात कंपाउंडरनं त्यांना दंडाला धरून टेबलावर पालथं घातलं.

डॉक्टरांनी जखम पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. ही तंबाखू कोणी लावली, असं विचारलं. मी भिंतीवरचा कागद वाचायला लागलो. ते म्हणाले, "आणखी दोन दिवस गेले असते तर हे विष रक्तात भिनलं असतं. धनुर्वात झाला नाही हे यांचं नशीब. आता चिरावं लागेल. फार दुखेल. ओरडायचं असेल तर ओरडा."

दाजींनी मानेनं नाही म्हटलं आणि दात आवळले. सवयच तशी. चाकू लागला तेव्हा त्यांचे पाय ताठ झाले, टेबलाच्या कडा धरलेल्या हातांची बोटं पांढरी पडली, पण आवाज नाही. खिडकीबाहेर शालिग्रामभाऊ पाठ करून उभे होते.

रंगू माझ्या बाजूला उठून आली. बांधलेला हात छातीशी धरून ती बापाच्या डोक्यापाशी वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "बोंबला ना. तुमी बोंबलले तं मले बी बोंबलता येईन."

दाजी बोंबलले. असे बोंबलले की गावातल्या दर्ग्याकडून माणसं धावत आली आणि शालिग्रामभाऊंचे बैल बंडीसकट वळले. पाठोपाठ रंगूनंही सूर धरला, बावीस दिवसांचा. बापलेक एकमेकांकडं पाहत, तोंड फाडून, आळीपाळीनं ओरडत होते. मी आधी हसायला लागलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हसत नाही.

डॉक्टरांनी चाकू परातीत ठेवला. "झालं आता," ते म्हणाले. "मी केव्हाच थांबलो आहे."

दाजी थांबले नाहीत.